जिन्यातला फोन

वरच्या खोलीतली दोन पोरं
सहाला उठून गार पाण्यानं न्हातात,
पांढरे सदरे, टाय,
आणि साखर पेठेतल्या मागांच्या खडखडाटातून
सायकली हाकत जातात.

एकाच्या छातीवर काळी पाटी: एल्डर गुंडला.
म्हणजे काय रे? विचारलं.
"थोरला, मावशी."
मिसरूड अजून धड फुटलेलं नाही.

चहा घेत नाहीत. कॉफीही नाही.
पहिल्यांदा मला रागच आला होता,
आता दुधात सुंठ घालून देते.

नाताळला कठड्याला कागदाची चांदणी टांगली,
आत झिरोचा बल्ब.
"आज किती दारं उघडली?"
"तीन," म्हणाला, "एकानं पाणी दिलं."

रात्री तो जिन्यात बसला, रेंज तिथंच येते.
मी खाली टॉवेलच्या किनारी शिवत होते.
फोनमधून बाईचा आवाज:
चिन्ना, तिन्नावा?
छोट्या, जेवलास का.

माझ्या आईची भाषा,
भाव करतानाची, भांडणातली, बाळंतपणातली.
हा माझ्याशी हट्टानं मराठीच बोलायचा,
चुकला की वहीत लिहून घ्यायचा,
म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

तिन्नानम्मा, म्हणाला.
खोटं. स्टोव्हचा आवाज आलाच नव्हता.
नंतर बराच वेळ तो नुसता हूं हूं करत राहिला.

मशीन थांबवलं.
दोन कडक भाकरी, शेंगाचटणी, वर झाकण;
तिसऱ्या पायरीवर ठेवली ताटली.
हाक मारायला तोंड उघडलं,
पण थोरला म्हणू की चिन्ना,
ठरेचना.