कोरा नंदी

चितार ओळीत म्हणालो, कोराच द्या.
दुकानातल्या बाईनं मान वर केली :
"कोरा कायले जी? पन्नास रुपयांत रंगवून भेटते,
शिंगाले सोनेरी, झुलीले टिकल्या."
तरी कोराच, म्हटलं.
पेपरात गुंडाळून दिला तिनं,
प्लास्टरचा, वीतभर, पोटाखाली साच्याची शिवण.

शिवण पॉलिश पेपरनं घासली, दोन संध्याकाळी.
मग बर्डीवरून आणलेली पेस्टलची पेटी उघडली
आणि चोवीस खडूंकडे तासभर नुसता बघत बसलो.

शार्वीला पांढरा हवा होता.
खालच्या कुंभारेंची, सहा वर्षांची.
"पांढरा म्हणजे खरा पांढरा, आजोबा."
पांढरा खडू ओढून पाहिला पुठ्ठ्यावर, हिशेबाला :
भातावर मीठ टाकावं तसा,
आहे, पण दिसत नाही.

एकतीस वर्षं मेडिकलच्या एक्स-रे खोलीत काढली मी,
पांढऱ्यातलं थोडं कळतं.
हाड पांढरं, छातीतलं पाणी पांढरं,
पोरानं गिळलेलं नाणं सगळ्यात पांढरं.
त्यांतला फरक लिहून देणाऱ्याचा पगार
वेगळा असायचा.

तर आधी राखाडी घेतला.
मग निळा, धोतराला नीळ जास्त झाली की येतो तो.
गळ्याखालच्या पोळीत जांभळा,
कानांत गुलाबी, नखाएवढाच.
वशिंडावर धूर.
नारंगी बाजूला ठेवला,
या शहरात त्याला कामं पुष्कळ.

खडू ब्लेडनं खरवडायचा.
भुकटी पडते एका जुन्या फिल्मवर,
कुणाच्या तरी बरगड्यांवर, नाव पुसट झालंय.
ब्रश हिच्या कपाटात राहिलेला, गालांचा.
तो फिरवायचा नाही, नुसता टेकवायचा.
पंखा बंद, खिडकी बंद, उमस मी म्हणते,
आणि श्वास रोखून;
एक उसासा, की वशिंड उडालं टेबलाखाली.

श्वास घ्या. रोखून ठेवा.
किती हजारांना म्हटलं असेल मी काचेमागून.
एकदा एका बाईला "सोडा" म्हणायचं राहून गेलं,
फोन वाजला होता.
परत आलो तर ती तशीच,
पाटीला छाती लावून, डोळे मोठे.
बोट वर करून विचारत होती, सोडू का, साहेब?
मी साहेब नव्हतो.

तिसऱ्या थराला पाठीवर एक डाग उगवला.
पुसला, परत आला.
चष्मा बदलून पाहिलं :
बोटाचा ठसा. लहानसा, भोवरे स्पष्ट.
केव्हा तरी येऊन हात लावून गेली होती पोट्टी,
तर्री-पोह्याचं बोट.
कोऱ्यावर कोणाला दिसतं?
भुकटीनं बरोबर धरलं.
घासून काढता आला असता.
रिपोर्टात लिहिला नाही, एवढंच.

मग वार्निशचा फवारा, तोही दमट हवेत दुधाळतो,
म्हणून गच्चीवर उघाडीची वाट चार दिवस.
दर फवाऱ्याला रंग खाली बसतात,
पुन्हा चढवायचे, पुन्हा रोखायचा.
मोजले तर अकरा झाले होते,
पांढरा सोडून.

तान्ह्या पोळ्याला मैदानात रांग.
चाकांवरचे लाकडी नंदी, ऑइलपेंटनं चकाकणारे,
एकाच्या शिंगांत तर लाइट, लागते-विझते.
शार्वीनं आपला तळहातावर धरलेला.
परीक्षक बाई वाकल्या, हळूच म्हणाल्या,
"अवो, याले रंगवलंच नाही काय तुमी?"

मी लिंबाखाली, बराच लांब.
शार्वीनं नंदीकडे पाहिलं, मग बाईंकडे.
"नाही," ती म्हणाली, "हा असाच आहे."

तेव्हा आठवलं,
सोडायचा राहिलाय.
सोडला.

बोजारा म्हणून कंपासपेटी मिळाली तिला,
सगळ्यांनाच देत होते.