डिक्कीतलं पाणी

आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा,
काचा वर असल्या की दाट.
मग बिडीच्या बाजारात गठ्ठा सोडला
तर तळची जांभळी साडी शेजारणीला चिकटलेली,
रंग तिच्या पदरात उतरलेला.
गिऱ्हाईक म्हणालं, "नवी डिझाइन काय ओ ही?"
हसले. सहाशे रुपये त्या हसण्यात गेले.

घरी येऊन गालिचा उचलला.
स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी,
जांभळं,
त्यात जॅक, पाना,
आणि दिवाळीपासून हरवलेलं माझं एक कानातलं.

उद्यमबागेत शिवपुत्र कमतगीचं गॅरेज.
बोलतो निम्मं मराठी, निम्मं कन्नड,
शिव्या तेवढ्या हिंदीत.
पुठ्ठा, फोम, सगळं काढून त्यानं उन्हात टाकलं,
सांध्यासांध्यावर खडूची पूड भुरभुरली,
म्हणाला, "अक्का, आत कुणीतरी बसायला पायजे.
दस्तगीर मावत नाही. तुम्ही बारीक."

तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी
मी माझ्याच गाडीच्या डिक्कीत शिरले,
गुडघे हनुवटीला, दातात बॅटरी.
झाकण पडलं.

बाहेर दस्तगीरनं पाइप सोडला. आधी टपावर.
पत्र्याच्या आतून पाणी ऐकलं नव्हतं कधी,
कुणीतरी ज्वारी पाखडत बसल्यासारखं.
"बंता?"
"इल्ल."
काचेच्या रबरावर.
"बंता?"
"इल्ल."
माझं कन्नड सगळं बाजारातलं,
एष्टु, साकु, बाकी नाळे.
आत तेवढ्या एका शब्दावर भागत होतं.

पाइप नंबरप्लेटवर आला आणि
खडूवर एक काळी रेघ उमटली, मुंगीएवढी.
थांबली. मग सुटलीच.
"बंतु! बंतु!" मी पत्र्यावर मूठ आपटली.

प्लेट काढली. खाली दोन जादा भोकं,
कडेनं गंज धरलेली.
गाडी कोल्हापूरची, एमएच झिरो नाइन.
माझ्या नावावर आली तेव्हा केए ट्वेंटीटू झाली,
नवी प्लेट बोटभर सरकून बसली,
जुनी भोकं कुणी बुजवलीच नाहीत.
"म्हणजे हेच की ओ कारण," मी म्हणाले.
मला लगेच पटलं. आमच्याकडे
कशालाही हे कारण लगेच पटतं.

शिवपुत्रानं भोकात काडी घालून बघितली, नाक मुरडलं.
"ह्यातनं कपभर येतंय. तुमचं बादलीभर हाय.
परत बसा."

दुसऱ्यांदा फार वेळ लागला. पाय मुंग्यांनी भरला.
मानेवरून घाम उतरला तर तेही पाणीच वाटलं,
उगीच ओरडले, दस्तगीर हसला.
शेवटी उजव्या दिव्यामागून आलं,
थेंब नाही, धार नाही,
पत्र्याला धरून, भिंतीकडेनं चालणाऱ्या माणसासारखं,
आणि गेलं सरळ डाव्या कोपऱ्यात,
जिथं मी महिनाभर फडकं पिळत होते.

दिवा निघाला. रबर दुसऱ्याच गाडीचं, ओढून बसवलेलं.
शिवपुत्रानं रंग खरवडला, खाली पुट्टीचा थर,
त्याच्याखाली पत्रा, ठोकून सरळ केलेला,
पण पुरता सरळ न झालेला.
"मागनं बसलीया अक्का. जोरात."

सौंदलगेकर मास्तर. ना धक्का, ना ओरखडा म्हणालेले.
गाडी सुनेची होती, एवढंच सांगितलं होतं.
चहा दिला, चावी दिली, इंजिन दाखवलं,
मागच्या बाजूला मात्र आले नाहीत.
मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

नवं रबर, काळी पेस्ट, भोकांना दोन स्क्रू.
साडेआठशे, पावती नाही.
तेव्हापासून गठ्ठ्याखाली पेपर अंथरते,
सकाळी आधी तो चाचपते, मग चहा.

अठरा दिवस कोरडे गेले.
काल शब्दकोड्याच्या दोन घरांवर ओल होती,
टिकलीएवढी.
माझ्याच हाताची असेल.
भांडी घासून आले होते.