मधला सूर

जज्ज क्रॅन्डन गेल्याची बातमी
घोड्यावरून आली, चार दिवस शिळी.
स्वार म्हणाला, शहरात घंटांच्या टोल्यांना
काळं कापड गुंडाळलंय.
आमच्या सभाघराला घंटाच नव्हती.
डीकन म्हणाले, मग गाणं तरी हवं.

म्हणून ते एलिफलेट स्टॅनार्डकडे गेले.
एलिफलेट कातडी कमवायचा.
हिवाळ्यात कुंडं गोठली की
मक्याच्या पोत्यावर गावाला सूर शिकवायचा.
बोटांना ओकच्या सालीचा रंग, आणि तो वास.
शेजारी बसायला लोक कचरत;
पण त्यानं लाकडी शिट्टीतून सूर दिला
की अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे बघे.

याच जज्जनं त्याला एकदा दंड केला होता.
ओली कातडी कुजतील म्हणून
रविवारी गाडी हलवली, एवढ्यासाठी.
सहा शिलिंग. त्यानं मोजून दिले होते.
आता त्यानं तीन दिवस मोजून मागितले.

त्याच आठवड्यात माझा भाऊ झेब्युलन
घसा सुजून गेला.
सतरा वर्षांचा. एलिफलेटकडे उमेदवारीला होता,
गाताना मधली पट्टी त्याची.
कुदळ मारली की जमीन वाजायची, उघडायची नाही.
त्याची पेटी आम्ही गोठ्यात ठेवली,
गाईंच्या आणि भिंतीच्या मध्ये,
मार्चची वाट बघत.

गुरुवारी गावानं मिरवणूक काढली.
जज्ज कधीच तिकडे पुरले गेले होते,
म्हणून आमची शवपेटी रिकामी.
तरी सहा जण लागले उचलायला,
आणि ते खरोखर वाकून चालत होते.
गोठ्यावरून गेले. मी दाराला टेकून पाहिलं.
मग शाल घेतली आणि मागून निघाले,
कारण वरच्या पट्टीत आधीच आम्ही तिघीच होतो.

सभाघरात शेगडी नाही. पायाशी निखाऱ्यांचे डबे,
तोंडातून वाफ. सूर दिसत होते, शपथेवर सांगते.
शब्द पाद्रीबाबांचे: स्तंभ पडला, आमचा स्तंभ पडला.
पहिली ओळ एलिफलेटनं सगळ्यांना बरोबर चालवली.
मग खर्जाला एकट्यालाच पुढे ढकललं: पडला.
त्याच्या पाठून टेनर: पडला.
मग मधले. शेवटी सज्जातल्या आम्ही.
चौघे चार ठिकाणी, कुणाचा शब्द कुणात नाही,
रानात चार कुऱ्हाडी चालाव्यात तसे.
'स्तंभ' कुणाला ऐकूच आला नाही.
पाद्रीबाबा नंतर त्यावर बोलले.

पण मला सांगायचंय ते शेवटाचं.
सगळे एका जागी आले. खाली खर्ज,
वर आम्ही, त्याच सुरात;
मधल्या पट्टीला त्यानं टेनरच्या शेजारी नेऊन बसवलं
आणि मध्ये काहीच ठेवलं नाही.
जिथं कान थांबतो, तिथं उघडं दार.
वारा आल्यासारखं सगळे गप्प झाले.
लोक म्हणाले, जज्जसाहेबांना शोभलं.

वाटेत मी त्याला गाठलं. विचारलं,
ती जागा कुणाची?
त्यानं हातांकडे बघितलं. म्हणाला,
"मेहिटाबेल, माझी सगळीच गाणी अशी संपतात.
दुसरं मला कुणी शिकवलं नाही."
ते खरं होतं. जुन्या वह्या मी चाळल्यात.
तरी गोठ्यापाशी येईतो तो माझ्याबरोबर चालला,
त्याचं घर दुसरीकडे असून,
आणि टोपी काढून उभा राहिला
बराच वेळ.
मग त्यानं गाईला थोडं गवत घातलं.

आता ते गाणं छापलंय. जज्जचं नाव गळालं,
शब्दही कुणी दुसरेच बसवलेत, कापणीच्या आनंदाचे.
पोरं भरभर गातात.
परवा शेवटाला एका मुलीनं
मध्येच एक गोड सूर भरला.
मास्तरांनी तिची पाठ थोपटली.
मी उठले,
आणि पायातला डबा लवंडला
म्हणून निखारे गोळा करत बसले.