उघडी साखळी

मिरजोळे एमआयडीसी, शेड सत्तावीस.
पुण्याहून आलेली स्टेप फाइल उघडते:
ट्रॉलरच्या पंख्यामागचं हाउसिंग,
राखाडी, भरीव, मुकं.
कुठल्या रेघेपासून घडलं, ते आत कुठंच नाही.

एकेक कड निवडते, वक्र काढते,
मग सॉलिड लपवते.
काळ्या पडद्यावर उरतात हिरव्या रेघा,
बांगडा खाऊन झाल्यावर
ताटात राहावा तसा काटा.

हसनमियाँ सोलकर पार्ट कधी मिळेल विचारायला आलेत,
साखरतरच्या खाडीवर होड्या बांधणारे.
चष्मा पुसतात. "लोखंड कुठं गेलं गो?"
आहे, चाचा. झाकलंय. हत्याराला कडेवरूनच चालायचंय.
"आमचं उलटं.
आधी वांक उभे करायचे, फळ्या मागाहून."

साखळी जोडते. जुळत नाही.
उघडी आहे, म्हणतं सॉफ्टवेअर.
चोवीस कडा, दोनदा मोजल्या.
टॉलरन्स थोडा सैल करावा,
कुणाला कळणार आहे,
तेवढ्यात डांबरानं काळं झालेलं बोट
काचेवर, गोलाई संपते तिथं:

"हिकडसून पानी शिरेल."

झूम करते. आणखी करते.
दोन टोकं.
मध्ये केसाएवढी रात्र.