कामून

अठरा हजार, वर जीएसटी.
एवढ्यात पाच क्विंटल भंगार येतं, मी म्हणालो.
शलाका म्हणाली, बाबा, जा.
मग फोनवरच घासाघीस केली
घासाघीस शिकवणाऱ्यांशी,
आणि पंधरात आणलं, दोन्ही दिवसांचं जेवण धरून.
तिथूनच परत फिरलो असतो तरी चाललं असतं.

जालन्याहून तासाभराचा रस्ता.
सिडकोतल्या हॉटेलचा हॉल इतका गार
की मला भट्टीची आठवण आली.
आम्ही बावीस जण:
बियाणेवाले तिघे, मोसंबीचा एक व्यापारी,
लातूरचा डाळमिलवाला,
बाकीचे वाळूजचे, गाड्यांचे सुटे भाग करणारे.
सगळ्यांच्या छातीवर नावाचं लेबल,
मोंढ्यात पोत्याला असतं तसं.

शेवडे मॅडम म्हणाल्या, समोरचा थांबला की
लगेच बोलू नका. मनात सात मोजा.
मी तीनवर बोललो. तिन्ही वेळा.
तीस वर्षं मला वाटत आलंय
गप्प बसणाऱ्याचा माल पडून राहतो.

दुपारी चिठ्ठ्या टाकल्या.
माझ्या चिठ्ठीवर : कामगारांचा प्रतिनिधी.
मालक झाला डाळमिलवाला.
घड्याळ बघत बसला, पाणी विचारलं नाही,
खुर्ची मागं रेलवून म्हणाला, आकडा बोला.
हा शब्द माझा. रेलणंही माझंच.
त्या गारठ्यात तळहाताला घाम आला
आणि मी आकडा बोललो.
चिठ्ठीवर खाली आणखी काही लिहिलेलं होतं,
ते राहूनच गेलं.

मागणीच्या खाली गरज असते, मॅडम म्हणाल्या,
'का' विचारा.
का.
टाचणीसारखा शब्द, टोचला की माणूस हात मागं घेतो.
आमच्या घरात असं कुणी विचारत नसे.
आई विचारायची, कामून रे?
मार खाऊन आलो तर, ताटावरून उठलो तर,
कामून, आणि मग लोकांच्या सदऱ्यांना
बटणं लावत बसायची.
एक बटण, दुसरं बटण.
तिसऱ्याला मी सगळं सांगून टाकायचो.

सोमवारी कराराची बैठक.
सांडू तांगडे, रोलिंगवरचा, सोबत दोघं.
दिवाळीपासून ते चौदाशेवर, मी पाचशेवर.
पाणी मागवलं.
म्हणालो, सांडू, चौदाशेच कामून?
एक. दोन.
वर क्रेन सरकली.
चार.
पाचला जीभ दाताखाली धरली.
सहा.

रिक्षा, तो म्हणाला.
दुसरी पाळी सुटती साडेअकराला,
आमच्याकडची शेवटची यष्टी अकराला.
रातच्याला माणशी साठ रुपये.
सव्वीस दिवस. तुमीच करा हिशोब,
आमी तर कमीच मागितलं.

आणि पाळी तासभर अलीकडं घेतली तर?
सांडू हसला नाही.
शेट, म्हणाला, हे अर्जात होतं.
तीन वर्षांमागच्या.

ते गेल्यावर ड्रॉवर उपसला.
अर्ज सापडला, वजनकाट्याच्या पावत्यांखाली.
आकड्याखाली माझी लाल रेघ, दोनदा ओढलेली.
तिसऱ्या ओळीवर चहाच्या कपाचा गोल,
गोलाच्या आत बारीक अक्षरात : यष्टी.

पाळी बदलली. करार सहाशेवर झाला.
विजेचं गणित जरा बिघडलं, ते बघू.
शेवडे मॅडमना मेसेज केला, धन्यवाद,
त्यांचा अंगठा आला.

शलाका विचारते, मग? फायदा झाला ना?
झाला, म्हणतो.
आणि कॅल्क्युलेटरवर
साठ रुपये गुणिले सव्वीस,
गुणिले चाळीस माणसं, गुणिले छत्तीस महिने
एवढं दाबून
बरोबरच्या चिन्हावर बोट तसंच ठेवतो.

कामून, ती विचारते,
आजीचा शब्द, कुठून उचलला कोण जाणे,
आणि थांबते.