शेऱ्याचा रकाना

वैशाखी पौर्णिमा. वाघेऱ्याच्या घाटावर
सादड्याला बांधलेलं मचाण.
मी, धवळू भोये, अर्धा थर्मास चहा
आणि खात्याचा छापील तक्ता :
प्राणी. नर. मादी. पिल्लू. वेळ. शेरा.

खाली पाणवठा. पाणवठा कसला, सिमेंटचं ताट,
दर गुरुवारी टँकर येऊन वाढून जातो.
इथं झिरा होता, धवळू म्हणतो, बारमाही.
वरचं रान उतरलं
तरी दोन पावसाळे थांबला बिचारा.

नऊ चाळीस. ससा, एक.
अकरा पाच. साळिंदर, काटे वाजवत,
आपल्याच घरी आल्यासारखं.
मग बराच वेळ
माझ्या पोटातल्या गुरगुरीशिवाय काही नाही.

दोन वाजता घाटात दिवे मालवून
कुणीतरी गिअर बदलला.
ताडपत्रीखाली खैर. ओला, ताजा.
रेंज ऑफिसला फोन लावला,
तर रेंज नाही.
"लिवा ना बाई," धवळू हळूच म्हणाला,
"ट्रक, एक.
नर लिवाल का मादी?"
मी हसले,
आणि ते हसू कुठं ठेवावं कळेना.

तीन वीस. आधी बेडूक गप्प झाले,
मग कारवीच्या सावलीतून
एक सावली सुटी झाली.
बिबट्या. मादी. उजवा कान फाटका,
मानेत अडकलेला निळा धागा,
गिरणाऱ्याच्या द्राक्षबागेतल्या जाळीचा.
तिकडंच जन्मली असेल कुठंतरी, वेलींखाली, औषधाच्या वासात.
लप्, लप्. सवयीनं मी मोजत गेले.
सदतीसला तिनं मान वर केली.
पुढचं मोजलं नाही.

"आजा सांगायचा," ती गेल्यावर धवळू बोलला,
"उन्हाळ्यात रानात घसा सुकला
तर सादड्याला हलकासा घाव घालायचा.
पाण्याची चिळकांडी उडायची.
ओंजळभर प्यायचं, बास.
मग जखमेवर माती लिंपायची,
आन् झाडाला सांगून निघायचं."

उजाडलं. उतरलो.
त्यानं खोडाला कान लावला.
कुणी बघत नाही असं पाहून मीही लावला.

दुपारी तक्ता जमा केला.
साहेबांनी ट्रकवर रेघ मारली.
यात फक्त वन्यजीव, मॅडम.
शेऱ्याचा रकाना का कोरा, म्हणाले.
काही नाही, म्हटलं.

सादड्याचं मी लिहिलंच नव्हतं.
कुणी वाचलं तर.