औटकी

रुस्ताकच्या पुढे डांबर संपतं, मग वादीतले गोटे,
मग एकदम हिरवं. तिथे राहायची बदरूफुफू.
मी रुवीत लोकांचे हिशेब लिहितो, दोन तासांवर,
आणि वर्षातून दोनदा जायचो. दोन ईद. बस्स.

त्र्याहत्तर साली खल्फान मुंबईत आला होता
बापाचा मोतीबिंदू काढायला,
डोंगरीत आमच्या शेजारच्या खोलीत उतरला.
फुफू दाभोळहून आलेली, डी.एड.चा निकाल हातात.
पुढचं तिने कधी सांगितलं नाही.
एवढंच, की म्हाताऱ्याच्या डोळ्यात थेंब मीच मोजून घालायचे.

इथली शाळा तेव्हा एक तंबू,
तंबू उडाला की बोरीचं झाड.
इथे तिला सिद्र म्हणतात. बोरं तीच.
अरबी तिला कुराणापुरती, पोरं फिदीफिदी हसत.
तिने गणित मागून घेतलं,
आकड्यांना कोण हसणार?
पण पाढे ओठांवर येत ते मराठीच.
चाळीस पोरं, घोट्यापर्यंत दिशदाशा,
डुलत म्हणायची: बे एके बे, बे दुणे चार.
इजिप्तचा इन्स्पेक्टर दारात थबकला,
म्हणाला, मॅडम, ही कुठली दुआ?

शाळा सुटली की शेत.
बकऱ्यांना लसूणघास, कांद्याचे वाफे,
उन्हाळ्यात खलास उतरवायचे, वाळवायचे, दाबून भरायचे.
खजुरीचे काटे तळहातात मोडून राहिले,
तसेच खडू धरायची.
पाच मुलं. एक वादीच्या पुरात गेलं.
तिसऱ्या दिवशी ती वर्गात.
गावाने नावं ठेवली.
ती म्हणाली, त्यांची पाऊणकी अर्धीच राहिली होती.

फलजचं पाणी इथे वेळेने वाटतात,
अर्ध्या तासाचा एक अथर,
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर.
बाप मेला की अथरचे तुकडे पडतात
आणि पहाटे तीनला फावडी निघतात.
एकदा दोघे भाऊ डोकी फोडून तिच्या दारात.
ती रोट्या भाजत होती. तवा उतरवला नाही.
बोटांच्या पेरांवर काहीतरी पुटपुटली, म्हणाली,
दीड अथर आहे ना? तुझी अठरा मिनिटं,
तुझी अठरा, आणि नऊ बहिणीची.
बहीण कुणालाच आठवली नव्हती.

तेव्हापासून पाण्याची वही तिच्याकडे.
सही खल्फानची.
खल्फान गेल्यावरही दोन वर्षं सही खल्फानचीच होती,
हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

अलीकडे शब्द निसटायचे तिचे.
अरे, ते आडोसा, त्याला आपण आडोसाच म्हणतो ना?
मी हो म्हटलं की खुशीत दोनदा म्हणायची.
दाभोळच्या खाडीचं कधी विचारलं नाही.
बोंबील मात्र मागवायची, आणि वासावरून सुनांशी भांडायची.

मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.
ओली माती, दोन बिननावाचे दगड,
आणि हमूद, पोलिसातून निवृत्त, पांढरी दाढी,
कबरीच्या कडेने हात टेकत मोजत होता,
ओठ हलत होते:
एक औटे साडेतीन. दोन औटे सात.
मला पाहून अवघडला.
याचा अर्थ काय रे? आम्ही साठ वर्षांचे झालो, विचारायचं राहिलं.
मी अरबीत सांगू लागलो, साडेतीनचा पाढा,
आणि पुढे साडेतीन हातांचं काय ते सांगायला गेलो
तर शब्द मिळेना, किंवा मिळाला आणि मी तो गिळला.

रात्री तिथेच राहिलो.
वहीत तिच्या झाडांची पाळी तीन चाळीसला होती.
बॅटरी घेऊन गेलो तर हमूद आधीच पाण्यात उभा,
पाटाच्या तोंडातली चिंधी उपसत.
पाणी आलं. पहिल्या आळ्यात जरा घुटमळलं.
तो म्हणाला, अकरा मिनिटं. घड्याळ बघू नको, मोज.